पोटातील काळोख आणि दुर्बीण



आमच्या शिंदखेड्यास कोणी पोटाच्या विकाराने बेजार झाला आणि धुळ्याच्या किंवा नाशिकच्या डॉक्टरांनी त्यास आतून तपासणी करून घ्यावयास सांगितली, म्हणजे गावात एकच वाक्य फिरू लागते, "त्यांच्या पोटात दुर्बीण घालणार आहेत." डॉक्टर या तपासणीस एंडोस्कोपी म्हणतात, लोक मात्र दुर्बीणच म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज नकळत खाली येतो. दुर्बीण हा शब्द मूळचा फारसी. 'दूर' म्हणजे लांबचे आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. तांडेलाने क्षितिजावरील शिडे न्याहाळावी, ज्योतिर्विदाने ग्रह पाहावेत, त्यासाठी हे साधन. मग हातभर अंतरावरील जठर पाहण्याच्या साधनासही लोकांनी तेच नाव का द्यावे? माझ्या मते लोकांचे यात फारसे चुकलेले नाही. गुरूचे चंद्र मनुष्याने १६१० साली पाहिले. जिवंत माणसाच्या जठराचा अंतर्भाग त्यास दिसू लागला तो १८८१ साली. अंतराने नव्हे, पण श्रमाने मोजू गेल्यास पोट हे गुरूहून दूर होते असेच म्हणावे लागेल.

हे असे का झाले, याची हकीकत आज सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हे. इतिहास आणि थोडेफार विज्ञान मुलांस शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु या हकीकतीतील मुख्य अडचण वैद्यकाची नव्हतीच मुळी. ती उजेडाची होती, आणि उजेड हा शाळामास्तराच्या अभ्यासक्रमातील विषय आहे.

शरीराच्या द्वारांतून नळी घालून आत पाहावे ही कल्पना फार जुनी. सुश्रुतसंहितेत शंभराहून एक अधिक यंत्रे सांगितली असून त्यांत नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या, वीस आहेत. मूळव्याधीसाठी सांगितलेली नळी गाईच्या स्तनाच्या आकाराची व चार अंगुळे लांब असावी, पाहण्यासाठी ती दोन छिद्रांची आणि प्रत्यक्ष कर्मासाठी एका छिद्राची घ्यावी, इतका बारकावा त्या ग्रंथात आहे. पाहणे हे एक काम आणि करणे हे दुसरे, हा भेद त्या आचार्यांनी ओळखला होता. तो आपल्यास पुढे पुन्हा भेटेल. घशात अडकलेले हाड काढण्याची सुश्रुताची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. केसांची लहानशी गुंडी लांब दोऱ्यास बांधावी, ती पातळ पदार्थाबरोबर गिळावयास लावावी, मग रोग्यास ओकारी आणवावी आणि हाडास गुंडी अडकली की दोरा हिसडून ओढावा! यात चातुर्य आहे. पण पाहणे नाही. दोरा ओढणाराचा हात आंधळाच होता. सूर्यप्रकाश चार अंगुळे आत जाईल तेथवर वैद्याची दृष्टी, त्यापुढे सारा तर्क. आणि ही मर्यादा केवळ आपल्याकडील नव्हे, जगातील सर्व वैद्यांची होती.

ती ओलांडण्याचा पहिला धडाक्याचा प्रयत्न जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी फिलिप बोत्सिनी नावाच्या तरुण डॉक्टराने केला. १८०६ साली त्याने आपले 'प्रकाशवाहक' यंत्र प्रसिद्ध केले. पत्र्याचे, वरून चामड्याने मढविलेले फुलदाणीच्या आकाराचे ते खोके. आत एक मेणबत्ती, तिच्यामागे आरसा, आणि पुढे शरीरात घालावयाची नळी. मेणबत्तीचा उजेड नळीतून आत जावा व त्याच नळीतून डोळ्याने पाहावे, अशी योजना होती. व्हिएन्नाच्या वैद्यकमंडळाने यंत्रास मान्यता दिली नाही, आणि १८०९ साली साथीच्या तापाच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता बोत्सिनी स्वतःच त्या तापाने वारला. त्याचे वय अवघे पस्तीस होते. अर्धशतकाने पॅरिसच्या देसोर्मो नामक डॉक्टराने मेणबत्तीच्या जागी मद्यार्क व टर्पेंटाईन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा आणला. उजेड थोडा वाढला, आणि आंच त्याहून अधिक वाढली.

जठरापर्यंत सरळ नळी जाऊ शकते काय, हाही एक प्रश्नच होता. त्याचे उत्तर वैद्यास जत्रेतल्या डोंबाऱ्याकडून मिळाले. १८६८ साली जर्मनीतच फ्रायबुर्ग येथे अडॉल्फ कुस्माउल या प्राध्यापकाने तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसास बोलावून त्याच्या घशातून सत्तेचाळीस सेंटिमीटर लांबीची धातूची नळी जठरात उतरविली. नळी गेली, परंतु देसोर्मोचा दिवा इतक्या खोल पोहोचेना, शिवाय जठरातील रस मधे येई. दार उघडले होते, आत अंधार होता.

अंधार निवारण्यास विजेची वाट पाहावी लागली. व्हिएन्नाच्या योहान मिकुलिच या शस्त्रवैद्याने यंत्रकार योझेफ लाइटर याच्या साहाय्याने १८८१ साली नळीच्या अगदी टोकाशी विजेने तापणारी प्लॅटिनमची तार बसविली आणि ती रोग्यास भाजू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळते ठेवले. दिवा बाहेर ठेवून उजेड आत पाठविण्याऐवजी दिवाच आत नेला, हा यातील खरा पालट. जठराचा कर्करोग जिवंत माणसात डोळ्यांनी पाहिला गेला तो या नळीने. पण नळी ताठ होती. ती सोसण्यास रोगी धीराचा आणि डॉक्टर अत्यंत कुशल लागे, व तरीही अन्ननलिका फाटण्याचे भय असेच.

कुस्माउलचा तो खेळवाला आठवला की आपल्याकडील हठयोग्यांचे स्मरण होते. चार अंगुळे रुंद व पंधरा हात लांब ओले वस्त्र हळूहळू गिळून पुन्हा बाहेर काढण्याची धौती हठप्रदीपिकेत सांगितली आहे. घशास सराव देता येतो ही गोष्ट आपल्या लोकांस शतकानुशतके ठाऊक होती, पण तिचा उपयोग आत पाहण्याकडे करावा असे कोणास सुचले नाही. योगक्रियांनी पोटात नेमके काय होते, हे पाहण्याची जिज्ञासा ज्या गृहस्थास प्रथम झाली त्याचा संबंध मात्र आमच्या खानदेशाशी आहे, हे सांगावयास मला अभिमान वाटतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद, हे अमळनेरास अध्यापक व राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. अमळनेर आमच्याच तापी खोऱ्यातले, आमच्याच सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. गुणे यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान व नौली या क्रियांचे क्ष-किरणांनी प्रयोग केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब उणा होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखविले आणि त्या अंशतः निर्वात स्थितीस आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. पुढे १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून 'योगमीमांसा' या त्रैमासिकात त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. परंपरेवर श्रद्धा असलेल्या माणसाने परंपरेस मोजपट्टी लावावी, याचे मोल फार आहे. तथापि क्ष-किरणांनी दिसते ती छाया. भिंतीवरील सावलीवरून माणूस ओळखता येतो, पण त्याच्या कपाळावरील लहानसा फोड दिसत नाही; पोटातील व्रणाचेही तसेच.

छायेवर समाधान न मानणाऱ्यांत म्युनिकचा रुडॉल्फ शिंडलर अग्रेसर होता. गेऑर्ग वोल्फ या कारागिराबरोबर त्याने १९३२ साली जी नळी सिद्ध केली तिचा खालचा भाग थोडासा वाकू शके. आत कमी नाभ्यंतराच्या बहिर्वक्र भिंगांची दाट रांग लाविली की नळी किंचित वाकली तरी चित्र टिकते, हे त्यातील मर्म. तपासणी चालू असता रोग्याचे डोके धरून त्यास धीर देण्याचे काम शिंडलरची पत्नी गाब्रिएले करी. वैद्यकाच्या इतिहासात अशा स्त्रियांची नावे क्वचितच येतात, म्हणून मुद्दाम सांगितले. पुढल्याच वर्षी नाझी राजवटीने शिंडलरला तुरुंगात टाकले आणि १९३४ साली तो शिकागोस निघून गेला. त्याच्याबरोबर ही विद्याही अमेरिकेस गेली.

युद्धानंतर जपानने निराळाच मार्ग धरला. त्या देशात जठराचा कर्करोग फार. टोकियोच्या तात्सुरो उजी या डॉक्टराने ऑलिंपस कंपनीच्या तंत्रज्ञांबरोबर १९५० साली एक इवलासा कॅमेराच नळीच्या टोकास लावून जठरात पाठविला. फोटो कोणत्या भागाचा घेतला जात आहे हे डॉक्टरास दिसत नसे. खोली अंधारी करून, आतला दिवा लखलखला की पोटाच्या कातडीवर उजेड कोठे उमटतो, त्यावरून तो अदमास बांधी!

आता या हकीकतीतील माझ्या विशेष आवडीचा भाग. प्रकाश सरळ रेषेत जातो, असे आम्ही शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. डेहराडूनच्या शाळेत शिकणाऱ्या एका शीख मुलास त्याच्या शिक्षकांनीही हेच सांगितले, आणि ते त्यास पटले नाही. हा मुलगा म्हणजे १९२६ साली पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. ही आठवण ते स्वतः सांगत असत. त्या शिक्षकांचे खोटे नव्हते. पण बाटलीच्या बुडाशी भोक पाडून पाण्याची धार सोडावी व मागून विजेरीचा झोत टाकावा, म्हणजे प्रकाश त्या वाकड्या धारेबरोबर खाली उतरतो. तो आतल्या आत पुनःपुन्हा परावर्तित होत, लहान लहान सरळ टप्प्यांनी वळण घेतो. हा प्रयोग एकोणिसाव्या शतकातच युरोपात झाला होता, आणि कोणत्याही शाळेत आजही दहा मिनिटांत करता येतो.

पाण्याच्या धारेच्या जागी काचेचा केसाहून बारीक तंतू घेतला तर? लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स या प्राध्यापकांच्या मनात हा विचार घोळत होता. ताठ नळीने रोग्यांचे किती हाल होतात, हे गाऱ्हाणे एका डॉक्टराने त्यांच्यापाशी मेजवानीत केले होते. कपानी त्यांचे विद्यार्थी झाले. हजारो तंतूंची जुडी बांधावयाची, आणि प्रत्येक तंतूची जागा दोन्ही टोकांस एकच ठेवावयाची. वर्गातून मैदानावर नेलेली मुले जशीच्या तशी त्याच क्रमाने बसवावी तसे हे काम. क्रम चुकला की चित्राचा कालवा झाला. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर' पत्रात या दोघांनी आपली लवचीक जुडी जगापुढे मांडली.

तो लेख वाचून मूळचे दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर बेझिल हर्शोविट्झ तडक लंडनास गेले, आणि परत येऊन अमेरिकेत मिशिगन येथे कामास लागले. अडचण अशी होती की उघडा तंतू शेजारच्या तंतूस टेकला की प्रकाश गळतो. ती सोडविली लॉरेन्स कर्टिस या पदवीही न मिळालेल्या विद्यार्थ्याने. एका जातीच्या काचेची कांडी दुसऱ्या जातीच्या काचेच्या नळीत बसवून, दोन्ही एकत्र वितळवून त्यांचा तंतू ओढावा, म्हणजे प्रत्येक तंतूस आपोआप काचेचे कवच मिळते. जाणत्यांस ही युक्ती प्रथम पटली नव्हती. डिसेंबर १९५६ मध्ये ती साधली. फेब्रुवारी १९५७ मध्ये हर्शोविट्झ यांनी ती नळी आधी स्वतःच गिळली आणि थोड्याच दिवसांनी एका रुग्ण स्त्रीच्या आतड्यातील व्रण तीतून पाहिला. पोट त्या दिवशी खरोखर जवळ आले. तंतूंच्या प्रकाशविद्येसाठी २००९ साली नोबेल पारितोषिक चार्ल्स काओ यांस मिळाले, कपानींस मिळाले नाही. भारत सरकारने त्यांस २०२१ साली, म्हणजे मृत्यूनंतर, पद्मविभूषण दिले. विलंबाच्या बाबतीत आपण कोणास हार जात नाही.

यापुढील प्रगती झपाट्याची आहे आणि मी ती झपाट्यानेच सांगतो. १९६९ साली न्यूयॉर्क येथे शिन्या व वोल्फ या डॉक्टरांनी मोठ्या आतड्यातील मोड पोट न फाडता, नळीतून घातलेल्या तारेच्या फासाने कापून काढला. सुश्रुताने वेगळी केलेली पाहण्याची व करण्याची नळी येथे एक झाली. १९७३-७४ च्या सुमारास जर्मनी व जपान येथे पित्तनलिकेचे तोंड आतून छेदून अडकलेले खडे काढण्यास आरंभ झाला. या विद्येत मुंबईने नाव मिळविले. तेथील डॉ. अमित मायदेव यांनी नळीतूनच लेसरने कठीण खडे फोडण्याचे आपले अनुभव २०११ साली प्रसिद्ध केले, आणि २०१३ साली त्यांस पद्मश्री मिळाली. १९८३ पासून काचतंतूंची जागा टोकावरील विद्युत्-नेत्राने घेतली आणि चित्र पडद्यावर आले, सबब आता एकाच वेळी दहा जण ते पाहू शकतात. लहान आतड्याच्या वीस फुटांत मात्र नळी पोहोचेना. तेथे गॅव्रिएल इद्दान या इस्रायली अभियंत्याची गोळी उपयोगी पडली. हा गृहस्थ क्षेपणास्त्रांस डोळे बसविणारा! सव्वीस मिलिमीटर लांबीची ती कॅमेऱ्याची गोळी पाण्याबरोबर गिळावयाची. ती आठ तास छायाचित्रे पाठवीत जाते. २००० साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. अन्ननलिकेचे खालचे तोंड आवळून घास उतरेनासा होतो त्या विकारावर, तोंडातून गेलेल्या नळीने आतल्या आत स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली प्रथम केली.

एवढ्या यंत्रविद्येने रोग्याचे काय कल्याण झाले, याचे सर्वांत ठळक उदाहरण आम्ल व व्रण यांचे आहे. आमच्या तालुक्यातील दोंडाईचा व शेजारचे नंदुरबार ही मिरचीची नामांकित पेठ. खानदेशी जेवणाचा तिखटपणा सर्वश्रुत आहे, आणि पोटात जळजळ झाली की दोष मिरचीस व चिंतेस देण्याची रीत आहे. डॉक्टरही फार काळ असेच म्हणत. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन हे नळीतून काढलेले जठराचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपाशीत असता १९७९ साली त्यांस त्यांत वळणदार जीवाणू दिसले. बॅरी मार्शल त्यांस येऊन मिळाले. जीवाणू काही केल्या वाढेनात. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत तबकड्या पाच दिवस तशाच राहिल्या, आणि वाढ दिसली. लोकांचा विश्वास बसेना म्हणून १९८४ साली मार्शल यांनी ते जीवाणू स्वतः प्याले व स्वतःच्या जठराचा दाह नळीने तपासून घेतला. पोटातील बहुतेक व्रण जीवाणूमुळे होतात व ते औषधाने बरे होतात, हे सिद्ध झाल्यावर उभयतांस २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या संशोधकांनी १९८९ साली असेही दाखविले की दुधाचे विरजण करणाऱ्या जातीतला एक जीवाणू प्रयोगशाळेत या जीवाणूची वाढ रोखतो. ताकाच्या भक्तांनी यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तो प्रयोग तबकडीतला होता.

माझे एक सहाध्यापक अकरा वर्षे पांढरी पूड पाण्यातून घेत असत. घरात भरीत केले तरी त्यांच्यासाठी फिके वरण वेगळे. दुर्बिणीस ते इतके भीत की तिचे नाव काढले तर विषय पालटीत. अखेर काळी शौचास झाली तेव्हा मुलाने त्यांस बळेच नेले. घशात बधिरतेचा फवारा, करंगळीएवढी नळी, पाच-सात मिनिटे. व्रण दिसला, जीवाणू सापडला, दोन आठवड्यांचे औषध झाले. पुढे हे गृहस्थ मिरचीचे भरीत निर्धास्त खात. दुसरे उदाहरण सांगावेसे वाटत नाही, पण सांगतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यास भाकरीचा घास अडकू लागला. त्याने भाकरी दुधात कुस्करली. मग नुसते दूध. कापसाची वेचणी उरकल्यावर जाऊ, म्हणून चार महिने काढले. नळीने जे दाखविले ते स्पष्ट होते, केवळ उशिरा दाखविले. घास अडकणे, काळी शौचास होणे, कारणावाचून वजन घटणे, यांपैकी काहीही झाल्यास वेचणीची वाट पाहू नये.

शेवटी अगदी अलीकडील एक संशोधन. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीस लक्षावधी चित्रे दाखवून तिला आतड्यातील मोड ओळखावयास शिकविले आहे. नळी फिरत असता पडद्यावर संशयित जागेभोवती चौकट उमटते. थकलेल्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटणारे बारीक मोड तिने सापडतात, हे अनेक प्रयोगांत दिसले. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधील चार केंद्रांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथे हे साहाय्य रुळल्यानंतर, ज्या तपासण्या यंत्राविना झाल्या तेवढ्यांचीच तुलना केली. कर्करोगाकडे वळू शकणारा मोड पूर्वी शंभरांपैकी २८.४ तपासण्यांत सापडे, तो आता २२.४ तपासण्यांत सापडू लागला. अशा एका वृत्तांताने अंतिम निर्णय होत नाही. रोगी वेगळे असतील, इतर कारणे असतील. पण पाढे पाठ असलेल्या मुलाच्या हाती गणकयंत्र दिले, आणि वर्षाने ते काढून घेऊन तेराचा पाढा विचारला, तर काय ऐकू येते हे वर्गात उभा राहिलेला कोणीही सांगू शकेल. त्या केंद्रांतील डॉक्टर नवशिके नव्हते. प्रत्येकाच्या गाठी दोन हजारांहून अधिक तपासण्या होत्या.